वीतभर खोल पुरलेली तार

मी आयुष्यात एकच कुंपण घातलं आणि ते कधी कुणाला दिसलं नाही. पाहुणे आले की मी त्यांना अंगणाच्या कडेला नेऊन उभं करायचे आणि विचारायचे, "कुंपण दिसतंय कुठे?" ते इकडेतिकडे बघून म्हणायचे, "नाही बुवा." मग मी आवाज खाली आणून सांगायचे, "तुम्ही आत्ता कुंपणावर उभे आहात." पाहुणे झटकन एक पाय वर उचलायचे. माझ्या चुलतदिराने तर दोन्ही उचलायचा प्रयत्न केला होता. ही गंमत मी दोन-अडीच महिने मनसोक्त केली. त्यानंतर जे झालं त्याची गंमत करायला मला अजून जमलेलं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मधली वर्षं ती. वाशीत बैठ्या घरांच्या एका रांगेत शेवटचं घर आमचं होतं. तीन बाजूंनी मोकळं, चौथ्या बाजूला शेजाऱ्यांची भिंत. अंगण आठ-दहा पावलांचं. पण त्याला कंपाऊंड घालायची परवानगी नव्हती. अंगणाखालून पाण्याची आणि गटाराची लाइन गेली होती आणि घराच्या कागदांत स्पष्ट लिहिलं होतं की भिंत नको, खांब नको, काटेरी तार नको. म्हणून सगळ्यांनी मेंदी लावलेली. आमची मेंदी गुडघ्याएवढी होती. तिने कुत्रा अडत नाही, फक्त उडी मारताना जरा देखणा दिसतो.

कुत्रा आत्याबाईंचा. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मराठवाड्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. मी मुंबईच्या चाळीत वाढलेली, माझी जीभ वळायला सहा महिने लागले. सासरे गेल्यावर त्या गाव सोडून आमच्याकडे आल्या, त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. अंगणातल्या दगडावर बसून त्या दिवस काढायच्या. भाजीवाला, पाववाला तिथेच येऊन त्यांच्याशी बोलून जायचा. डॉक्टरकडे जायचं झालं तर माझा नवरा त्यांना रिक्षाने न्यायचा.

समोरच्या इमारतीचं काम संपलं तेव्हा बांधकामावरची माणसं झोपड्या उचलून दुसऱ्या साइटवर गेली. त्यांच्या मागे एक पिवळं पिल्लू राहिलं. ते आमच्या बाहेरच्या नळाखाली येऊन बसलं. आत्याबाईंनी त्याला ताकात कुस्करून भाकरी घातली आणि त्याचं नाव ठेवलं. ते नाव आमच्याकडच्या एका नात्यातल्या माणसाचं होतं, चेहऱ्यातल्या साम्यावरून ठेवलेलं. त्या माणसाची मुलं अजून आमच्याकडे जेवायला येतात, म्हणून मी ते इथे लिहीत नाही.

कुत्रा गुणी होता. त्याला एकच खोड होती. गल्लीच्या टोकाला मोठा रस्ता होता आणि त्यावरून कांदा-बटाटा मार्केटला जाणारे ट्रक दिवसभर धावायचे. ट्रकचा हॉर्न ऐकला की हा मेंदीवरून उडी मारायचा आणि ट्रकच्या मागच्या चाकाला घराकडे वळवून आणायचं अशा थाटात त्याच्या मागे लागायचा. दोनदा चाकाखाली येता येता वाचला. तिसऱ्यांदा तो आडवा गेला तो आमच्या असोसिएशनच्या सेक्रेटरींच्या स्कूटरला. ते पडले आणि मनगट मोडलं.

सेक्रेटरी दादरहून आलेले, स्वभावाने भले गृहस्थ. हात गळ्यात बांधून आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"वहिनी, मी कुत्र्यांच्या विरुद्ध नाही. आमच्याकडे दादरला मांजर होती."

"हो का," मी म्हणाले.

"पण मीटिंगमध्ये ठरलंय. सगळ्यांच्या सह्या आहेत. आता हा पुन्हा रस्त्यावर मोकळा दिसला, तर मी गाडीला फोन करणार."

गाडी म्हणजे कुत्री पकडून नेणारी गाडी. त्यातून नेलेलं कुत्रं परत आलेलं आम्ही कुणी पाहिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी नवऱ्याने साखळी आणली. कुत्र्याला नळाच्या पाइपला बांधलं. आत्याबाई उठल्या, कुत्र्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि जेवायला आत येईनात.

"माय, ऐक ना," नवरा म्हणाला. "तो सुटला तर गाडी येईल."

"मग मला बांध. मी भुंकत बी न्हाई."

"साखळीनं काय होतंय त्याला?"

"त्याला काय होतंय ते त्याला ठावं. मला बघवत न्हाई." मग त्या म्हणाल्या, "त्याला नेलं तर मी गावाला जाते. आधीच सांगून ठेवते."

गावाला काय होतं? एक भिंत पडलेलं घर आणि न बोलणारा दीर. पण आत्याबाई उगीच बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. तंबाखू सोडते म्हणाल्या, त्याच दुपारी डबी शेजारणीला देऊन मोकळ्या झाल्या होत्या. नवऱ्याने साखळी काढली. मग तो माझ्याकडे बघत राहिला. आमच्या घरात एखादी वस्तू बिघडली की सगळे माझ्याकडेच बघायचे.

कारण मी रबाळ्याच्या एका कारखान्यात कॉइल वाइंडिंगला होते. केसाएवढी बारीक तांब्याची तार फिरत्या बॉबिनवर गुंडाळायची आणि वेढे चुकू द्यायचे नाहीत, हे काम. दुसऱ्या दिवशी माझे वेढे चुकले.

"काय बाई," आमचे सुपरवायझर म्हणाले, "सकाळपासून तीन बॉबिनं रिजेक्ट. घरात भांडण काय?"

मी सगळं सांगितलं. सुपरवायझर कोकणातले, एकटे राहायचे. फूटपाथवरून विलायती इलेक्ट्रॉनिक्सची जुनी मासिकं आणून वाचायचा त्यांना नाद होता. माझं ऐकल्यावर ते दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एक फाटकं पान घेऊन आले.

"अमेरिकेत कुत्र्याला जमिनीखालून अडवतात," ते म्हणाले. "हसू नका. वाचा."

मी वाचलं. अंगणाभोवती जमिनीत एक तार पुरायची आणि तिच्यात घरातल्या एका डबीतून बारीकसा सिग्नल सोडायचा. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा, पट्ट्यात एक कॉइल. कुत्रा तारेजवळ गेला की पट्टा आधी गुणगुणतो. तरीही पुढे गेला की मानेला झिणझिणी येते. कुत्रा मागे फिरतो. पुढे पुढे नुसत्या गुणगुणण्यावर फिरतो.

"झिणझिणी म्हणजे किती?" मी विचारलं.

"कोपर दाराला आपटल्यावर येते तेवढी. ते वेढ्यांवर आहे. वेढे तुमच्या हातात."

महिनाभर आम्ही सुट्टीनंतर अर्धा तास थांबायचो. रिजेक्ट झालेल्या तारेचं एक बंडल मॅनेजरला विचारून घेतलं. घरातली सिग्नलची डबी सुपरवायझरांनी जोडली, पट्ट्यातली कॉइल आणि झिणझिणीचा इवलासा ट्रान्सफॉर्मर मी गुंडाळला. इतका नेटका की सुपरवायझरांनी तो लाइनवरच्या सगळ्या बायकांना दाखवला. पट्ट्याचं हे सगळं एका प्लास्टिकच्या साबणदाणीत बसवलं. आत कुत्र्याच्या कातडीला टेकतील अशा दोन बोथट पितळी टाचण्या. गळ्यात गुलाबी साबणदाणी बांधून कुत्रा हिंडायला लागला तेव्हा गल्लीतली मुलं त्याला आंघोळीला चाललास का म्हणून विचारायची.

तार पुरायला दोन रविवार गेले. नवऱ्याने खुरप्याने वीतभर खोल चर काढला, मी मागून तार सोडत गेले. शेजारच्या भिंतीच्या बाजूने ती वर छपराच्या कडेने फिरवून पुन्हा घरात आणली. डबी सुरू केली आणि पहिल्याच मिनिटाला स्वयंपाकघरात बसलेला कुत्रा केकाटून उभा राहिला. मी कागद पुन्हा वाचला. तारेची दोन टोकं घरातून अंगणापर्यंत जातात तेवढ्या भागात एकमेकांना पीळ घालायचा असतो. पीळ घातला की त्या भागातला सिग्नल मरतो. मी बारा वर्षं तारेबरोबर काढलेली बाई, आणि पीळ विसरले होते. पीळ घातला. मग शेजारी आले, त्यांच्या रेडिओवर बातम्यांच्या मागे कुणीतरी मधमाशा पाळतंय म्हणाले. त्यावरून मला युक्ती सुचली. मी आमचा ट्रान्झिस्टर जमिनीशी धरून, ओणवी होऊन अंगणाची फेरी मारली. जिथे खरखर मोठी तिथे तार, जिथे ती थांबली तिथे सिग्नलची हद्द. हद्द आधी फार रुंद निघाली, पार उंबऱ्यापर्यंत. डबीचं बटण थोडं थोडं फिरवत ती दोन पावलांवर आणली. सगळी गल्ली मेंदीपलीकडे उभी राहून माझं हे नाटक बघत होती, आणि खरं सांगायचं तर मी दोन फेऱ्या जास्तच मारल्या.

पट्टा कुत्र्याला बांधायची वेळ आली तेव्हा आत्याबाई दगडावरून उठल्या.

"आधी मला बांध."

"आत्याबाई, मी बघितलंय हातावर बांधून. काही होत नाही."

"तुझ्या हाताचं तुला. माझ्या हाताला बांध."

मी त्यांच्या मनगटावर साबणदाणी बांधली. त्या अनवाणी चालत निघाल्या. नऊवारीचा घोळ एका हाताने उचललेला, पट्ट्याचा हात समोर, दिवा धरावा तसा. मेंदीपासून दोन पावलांवर पट्टा गुणगुणला. आत्याबाई थांबल्या.

"अजून एक पाऊल," मी मागून म्हणाले. "मग झिणझिणी येईल. एवढीशीच."

त्या पुढे गेल्या नाहीत. मागेही आल्या नाहीत. मी जवळ गेले तेव्हा त्या पायांकडे बघत होत्या.

"कळलं," त्या म्हणाल्या.

"अजून काही झालंच नाही, कळलं काय?"

"आमच्या गावाला आशीच व्हती." त्यांनी मान वर केली नाही. "हिरीच्या अलीकडं एक चिंचंचं झाड. झाडापस्तोर जायचं. फुडं न्हाई. तिथं भिंत न्हाई, काटी न्हाई, रेघ बी न्हाई. बारकी पोरगी आसताना मी एकदा इचारलं मायला, कुटून मोजायचं? माय म्हनली, पायाला कळतंय."

माझा नवरा खुरपं हातात घेऊन उभा होता. त्याच गावात, आजोळी, तो दहा वर्षांचा होईपर्यंत वाढला होता. त्याने हे कधी मला सांगितलं नव्हतं. चाळीत वाढलेल्या मला विहीर फक्त चित्रातली ठाऊक. मी म्हणाले, "आत्याबाई, नको असेल तर राहू दे. काढून टाकते."

"न्हाई. घाल. ते आमच्या जिवासाठी नव्हतं. हे याच्या जिवासाठी हाय." पट्टा सोडवून माझ्या हातात देताना पुढे म्हणाल्या, "पर हे त्याला कोन सांगनार, ते मला कळत न्हाई."

मग शिकवणी सुरू झाली. कागदावर लिहिलं होतं की कुत्र्याला तार दिसत नाही, म्हणून पहिले पंधरा दिवस तारेवर दर दोन पावलांना एक छोटं निशाण रोवायचं. कुत्र्याला दोरीने धरून निशाणापर्यंत न्यायचं, पट्टा गुणगुणला की मागे ओढायचं आणि शाबासकी द्यायची. त्याला जमलं की एक सोडून एक निशाण काढून टाकायचं, मग उरलेली काढायची.

निशाणं कुठून आणायची हा प्रश्नच नव्हता. नवरा जयंती कमिटीचा सजावटप्रमुख होता. एप्रिलातल्या जयंतीच्या पताका वर्षभर आमच्या पलंगाखालच्या ट्रंकेत असायच्या. कापडी, त्रिकोणी, निळ्या. त्यातल्या थोड्या उसवलेल्या मी बाजूला काढल्या, खराट्याच्या हिरांना शिवल्या आणि अंगणाभोवती रोवल्या. फेब्रुवारीच्या उन्हात ते अंगण असं सुंदर दिसलं की मी नवऱ्याला कॅमेरा मागून आणायला लावला.

कुत्रा आठ दिवसांत शिकला. नवव्या दिवशी मोठ्या रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला, हा झेपावला, निशाणांपाशी आला आणि करकचून ब्रेक लावावा तसा थांबला. तिथेच बसून भुंकला. सेक्रेटरी प्लॅस्टरच्या हाताने टाळी वाजवता येईना म्हणून मांडीवर हात मारत होते. सुपरवायझर रबाळ्याहून मुद्दाम आले, त्यांना मी बोंबलाचं कालवण घातलं. ते कुत्र्याच्या गळ्यातल्या साबणदाणीकडे असे बघत होते की जणू मुलगा परीक्षेत पहिला आला.

आणि इथे मी चुकले. पंधरा दिवस झाले, महिना झाला, निशाणं मी काढली नाहीत. एक तर ती छान दिसत होती. दुसरं म्हणजे पाहुण्यांना उभं करून पाय उचलायला लावायचे तेव्हा शेवटी निशाणांकडे बोट दाखवून उलगडा करायला बरं पडायचं. एखादं वाऱ्याने फाटलं तर मी ट्रंकेतून नवं काढून लावायचे.

मार्चमध्ये एका पाहुण्याला दाखवायला मी साबणदाणी उघडली. बॅटरी पांढरी होऊन फुटली होती. केव्हाची मेली होती देव जाणे. म्हणजे कितीतरी दिवस पट्टा मुका होता आणि कुत्रा तरीही निशाणांपलीकडे गेला नव्हता. मला इतका आनंद झाला की मी ही गोष्ट गल्लीभर सांगितली.

आत्याबाईंनी दगडावर बसून ती ऐकली.

"तार बंद हाय?"

"बंद आहे."

"आन् तरी जात न्हाई?"

"एक पाऊल नाही."

त्या उठून आत गेल्या. त्या दिवशी मला वाटलं की त्यांना ऊन लागत असेल.

एप्रिल आला. जयंतीच्या चार दिवस आधी कमिटीची माणसं शिड्या घेऊन आली. खांबापासून खांबापर्यंत, दारापासून दारापर्यंत पताका लागल्या. सजावटप्रमुखाचं घर म्हणून आमच्या अंगणावर जास्तच. उंबऱ्यावर तोरण, मेंदीवर ओळ. दुपारी मी कामावरून आले तर कुत्रा मोरीत होता. पाण्याच्या पिंपाच्या मागे, भिंतीला चिकटून, थरथरत. भाकरी समोर तशीच. पट्ट्यात बॅटरी नव्हती. नवी आणायची राहूनच गेली होती. मी पट्टा काढून टाकला. तरी तो हलेना.

चार दिवस तो मोरीतच राहिला. अंगणात जाऊन आपले विधी करायलाही तयार नव्हता.

जयंतीच्या सकाळी मिरवणुकीसाठी बायका आत्याबाईंना न्यायला आल्या. पांढरी पातळं, घरात हसणं-बोलणं, मी खिरीचं पातेलं उतरवत होते. नवरा मोठा निळा झेंडा काठीला लावून आत आला आणि मोरीच्या दारासमोरून गेला. कुत्रा किंचाळला. माणसासारखा. तो पळायला बघत होता, पण दारातच झेंडा होता. तो पोट जमिनीला लावून नवऱ्याच्या पायांशी आला आणि तिथेच त्याला लघवी झाली.

कमिटीतला एक थट्टेखोर म्हणाला, "काय वहिनी, तुमचा कुत्रा दुसऱ्या पार्टीचा दिसतोय."

बायका हसल्या. मीही हसले असेन. नवरा हसला नाही. त्याने झेंडा बाहेर नेऊन भिंतीला टेकवला आणि परत आला. "ज्या झेंड्यानं आपल्याला मान वर करायला शिकवलं," तो माझ्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाला, "त्याचं भय तू घरात पाळलंस."

मी पातेलं खाली ठेवून पोतेरं घेतलं आणि त्याच्या पायांशी फरशी पुसायला बसले.

आत्याबाई मिरवणुकीला गेल्या नाहीत. गाव सोडल्यापासून दरवर्षी त्यांना कमिटीच्या जीपमध्ये पुढे बसवत. त्या दिवशी पांढरं पातळ नेसून त्या मोरीच्या ओल्या फरशीवर बसून राहिल्या, कुत्र्याचं डोकं मांडीवर. ढोल लांब जाऊन परत येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली.

"ती तार उपट."

"आत्याबाई, चूक तारेची नाही. निशाणांची आहे. मी नवी बॅटरी घालते, दुसऱ्या रंगाचं कापड लावते, पंधरा दिवसांत काढून टाकते. कागदावर आहे तसं."

"कागद राहू दे. उपट."

"आणि तो रस्त्यावर गेला तर? सेक्रेटरी गाडी बोलावतील. मग तुम्ही गावाला जाणार. आम्ही काय करायचं?"

"मोकळा जानार न्हाई. मी नेते त्याला. रोज. रस्त्याच्या कडंला बसवते, ट्रक बघू दे त्याला. बघून बघून इसरंल."

"तुम्ही नेणार? तुम्ही कधी गेलात तरी का रस्त्यापर्यंत?"

"न्हाई," त्या म्हणाल्या.

हे मी टोचायला म्हणून विचारलं होतं. उत्तर आल्यावर मला ते ऐकू आलं. तीन वर्षांत आत्याबाई एकट्या गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या नव्हत्या. रिक्षात नवऱ्याबरोबर, जीपमध्ये कमिटीबरोबर. स्वतःच्या पायांनी, कधीच नाही. आणि आमच्या घरात कुणाच्या हे लक्षातही आलं नव्हतं. मला वाटायचं की त्यांना दगड आवडतो.

"का नाही गेलात?" मी विचारलं. "कुणी जाऊ नका म्हणालं होतं का?"

"न्हाई. पर कुनी जा बी म्हनलं न्हवतं."

त्या रविवारी मी तार उपटली. तीन बाजूंची आली. छपराकडची आली. गटाराच्या झाकणाजवळचा हातभर तुकडा मुळांत अडकला होता, तो तुटून आत राहिला. निशाणं काढून, धुऊन, हिरांवरून उसवून मी ट्रंकेत ठेवायला गेले, तर आत्याबाईंनी त्यातली एक मागून घेतली आणि उजव्या मनगटावर बांधली. त्याच हाताने त्या कुत्र्याला भाकरी घालू लागल्या. पहिले तीन दिवस त्याने भाकरीकडे पाहिलं नाही. चौथ्या दिवशी मान लांब करून, पाय मागेच ठेवून, एक तुकडा ओढला. आठवड्याने तो त्या पताकेवरचे भाकरीचे कण चाटत होता. नवऱ्याने हे उंबऱ्यातून पाहिलं. तो चहाचा कप घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसला.

साखळी नको म्हणणाऱ्या आत्याबाईंनी स्वतः दोरी वळली, जुन्या लुगड्याच्या काठाची. एक टोक कुत्र्याच्या गळ्यात, दुसरं आपल्या डाव्या मनगटाला. मग त्या निघाल्या. जिथे तार होती तिथे कुत्रा बसला. आत्याबाईही बसल्या. मातीत, मेंदीला पाठ लावून. मी हातातलं काम टाकून बघत होते. अंधार पडायला लागला तेव्हा दोघं परत आली. दुसऱ्या दिवशीही तसंच. सेक्रेटरी जाता-येता बघायचे. पाचव्या की सहाव्या दिवशी कुत्रा उठला, पुढचा एक पाय उचलला, तो हवेत धरून आत्याबाईंकडे बघितलं, आणि ठेवला. पलीकडे.

त्या दिवशी मी चपला पायात सरकवून त्यांच्या मागोमाग गेले. पण दहा पावलं मागे. त्यांनी हाताने तशी खूण केली होती. गल्लीच्या टोकाला त्या थांबल्या. समोरून ट्रक एकामागून एक चालले होते. त्यांचा पदर उडत होता. मला वाटलं की आता त्या वळतील. एवढ्यात मागून सेक्रेटरींची स्कूटर आली. ते उतरले.

"आजी, दोरी घट्ट धरलीय ना?"

"मी त्याला धरलंय का त्यानं मला, ते तुमीच बघा."

सेक्रेटरी स्कूटरचा स्टँड लावून त्यांच्या शेजारी उभे राहिले, मोडून बरा झालेला हात उगाच चोळत. हॉर्न वाजला. कुत्र्याने झेप घेतली, दोरी ताणली गेली, आत्याबाई एक पाऊल पुढे ओढल्या गेल्या आणि पाय रोवून उभ्या राहिल्या. "बस," त्या म्हणाल्या. तो लगेच बसला असं मी सांगणार नाही. मे महिना संपेपर्यंत तो बसत नव्हता. पण जूनमध्ये बसू लागला आणि गाडी आमच्या दारात कधी आली नाही.

आत्याबाई पुढे अकरा वर्षं आमच्याकडे राहिल्या, कुत्रा त्यातली नऊ. रोज संध्याकाळी दोघं जायची. नंतर नंतर मार्केटच्या फाटकापर्यंत, आणि येताना आत्याबाईंच्या ओच्यात हमालांनी दिलेले चार बटाटे असायचे. पुढच्या जयंतीला कुत्रा पताकांखालून जीपमागे चालला. नवऱ्याने ते सगळ्यांना दाखवलं.

एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत राहिली. मेंदी ओलांडताना, जिथे तार होती तिथे, कुत्रा थांबायचा. पुढचा पाय उचलून हवेत धरायचा. तिथे आता काही नव्हतं, मी स्वतः उपटलं होतं. आत्याबाई दोरी ओढायच्या नाहीत. त्याही थांबायच्या, त्याच्याइतक्याच, घाई न करता. मग त्याचा पाय खाली यायचा, आणि दोघं रस्त्याकडे चालू लागायची.